जाहिरात नको म्हणता, ठीक आहे. पण वाईट बातमी कोण सांगणार?

मागच्या महिन्यात कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत छोट्या कारखानदारांची एक बैठक होती, जास्त करून फाउंड्रीवाले, म्हणजे वितळलेल्या धातूचे भाग ओतणारे, आणि मशीनशॉपवाले. विषय होता की आपल्यासारख्यांनी 'कम्युनिकेशन स्ट्रॅटेजी' वगैरेवर वेळ आणि पैसा घालावा का. दीड तास चर्चा झाली आणि माझ्या मते दीड तास ती भलत्याच गोष्टीवर झाली. एका बाजूला जुनी मंडळी, त्यांचं म्हणणं माल चांगला असला की गिऱ्हाईक पत्ता शोधत येतं, आमच्या वडिलांनी तर गेटवर साधा बोर्ड रंगवला नव्हता. दुसऱ्या बाजूला तरुण पोरं, ती म्हणतात बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, त्यामुळे रोज एक रील टाका, लिंक्डइनवर लिहा, ड्रोन उडवून शेडचा व्हिडिओ काढा. दोघंही तावातावाने भांडत होते पण दोघांनीही एक गोष्ट न तपासता धरून ठेवली होती, की धंद्याने बोलायचं म्हणजे स्वतःचं कौतुक करायचं. एकाला ते करायची लाज वाटत होती, दुसऱ्याला हौस होती, एवढाच काय तो फरक.

माझं मत आधीच सांगून टाकतो. धंद्याचं बोलण्याचं धोरण म्हणजे मुख्यतः हे, की काही बिघडलं तर ते कोणाला, कोण, किती वेळात आणि कुठल्या शब्दांत सांगणार हे बिघडायच्या आधी ठरवून ठेवणं. जाहिरात हा त्यातला छोटा भाग आहे, काहींनी तो अजिबात केला नाही तरी चालेल. पण वाईट बातमीचा भाग कोणालाच सुटलेला नाही. आणि तो मोठ्या कंपनीपेक्षा छोट्या कारखान्याला जास्त लागतो, कारण मोठी कंपनी एखादा दणका खाऊन उभी राहते, छोटा माणूस मात्र दोन-तीन गिऱ्हाइकांवर उभा असतो, त्यातलं एक गेलं की पुढच्या महिन्याचा पगार कुठून काढायचा हा प्रश्न असतो.

मी हे टेबलाच्या पलीकडून बघितलंय. एकोणीस वर्षं पुण्यात परचेसला, म्हणजे खरेदी विभागात होतो. आमच्याकडे व्हेंडर रेटिंगचा तक्ता असायचा, क्वालिटी, डिलिव्हरी, रेट असे रकाने. पण ऑर्डर वाढवायची कोणाची आणि कमी करायची कोणाची हे ठरवताना डोक्यात अजून एक रकाना असायचा जो कुठल्याच तक्त्यात नव्हता, की अडचण आली की हा माणूस स्वतःहून फोन करतो, का याचा फोन लागायचा बंद होतो? रिजेक्शन सगळ्यांचंच येतं. कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी निघणार, भट्टीतल्या एखाद्या हीटचं, म्हणजे एका वेळच्या वितळणीचं केमिकल प्रमाणाबाहेर जाणार, त्यासाठी कोणी जुना व्हेंडर तोडत नाही. व्हेंडर तुटतो तो त्या दिवशी, जेव्हा गाडी येतेय म्हणून आपण लाइन लावून, माणसं उभी करून बसलोय आणि संध्याकाळी पाचला कळतं की गाडी कोल्हापुरातून निघालीच नाही. दोन दिवस आधी कळलं असतं तर मी दुसरा पार्ट लाइनवर घेतला असता. माल उशिरा आला याचा राग आठवड्यात जातो, मला अंधारात ठेवलं याचा राग तीन वर्षं जात नाही, आणि पुढच्या वेळी तोच माणूस 'साहेब नक्की उद्या' म्हणाला तरी मी दुसऱ्या कोणाला तरी फोन लावून ठेवतोच.

आता जुन्या मंडळींचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही, कारण त्यातली एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मुळातच पोकळ असलेला धंदा बोलण्याने वाचत नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं आठवा. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, सुरुवातीला तर सहा महिन्यांत खात्यातून फक्त १००० रुपये काढता येतील असा आदेश होता, आणि मुंबईत शाखांबाहेर म्हातारी माणसं पासबुकं घेऊन रडत उभी होती. नंतर बाहेर आलं की बँकेच्या एकूण कर्जापैकी ७० टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बिल्डर समूहाकडे गेलं होतं आणि ते लपवलेलं होतं. तिथे कोणती कम्युनिकेशन स्ट्रॅटेजी काय करणार होती? कितीही गोड मेसेज पाठवला असता तरी ठेवीदाराचे पैसे परत येणार नव्हते. त्यामुळे आधी माल, आधी हिशोब, आधी खरेपणा, याबद्दल माझा वाद नाही. एजन्सीवाल्यांबद्दलची त्यांची चीडही मला समजते. महिन्याला पगाराएवढी फी घ्यायची आणि बदल्यात सणाच्या दिवशी लोगो लावलेली शुभेच्छांची चित्रं द्यायची, याला धोरण म्हणणं ही कारखानदाराची फसवणूकच आहे.

पण 'चांगला माल आपोआप विकला जातो' हे वाक्य मात्र मला मान्य नाही, आणि ते खोडायला मला लांब जायची गरज नाही, शेजारच्या सांगली जिल्ह्यात पलूसजवळच्या किर्लोस्करवाडीपर्यंत गेलं तरी पुरतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा तो लाकडी नांगरापेक्षा चांगला होता यात शंका नाही. विकला गेला का? शेतकऱ्यांचा समज होता की लोखंड जमिनीत गेलं की जमीन विषारी होते. पहिला नांगर विकायला त्यांना जवळपास दोन वर्षं लागली. माल तोच, शेतकरी तोच, मधे आडवी आली होती ती फक्त एक भीती, आणि ती भीती काही नांगराचा फाळ अजून धारदार केल्याने जाणार नव्हती. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये तिथून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. एका माळरानावरच्या कारखान्याने स्वतःचं मासिक काढायचं, हे शंभर वर्षांपूर्वी! पुढे त्याचं नुसतं 'किर्लोस्कर' झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर', आणि ज्यांनी आयुष्यात कधी नांगर धरला नाही अशा घरांतही ती मासिकं वाचली गेली. आमच्या आजीच्या ट्रंकेत 'स्त्री'चे अंक होते, तिच्यासाठी किर्लोस्कर म्हणजे पंप नव्हते, ते अंक होते. आज जे लोक म्हणतात की मराठी कारखानदाराला हे बोलण्याबिलण्याचं वेड परदेशातून आलं, त्यांनी हा इतिहास जरा आठवावा. आपल्याकडे हे होतं, आपण मधे कुठेतरी ते सोडून दिलं.

त्यात अजून एक गोष्ट बघण्यासारखी आहे. ते मासिक नुसतं 'आमचा नांगर घ्या' म्हणत बसलं असतं तर दोन अंकांत बंद पडलं असतं. गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय भीती आहे, काय प्रश्न आहेत, ते ओळखून त्याच्याशी वर्षानुवर्षं बोलत राहणं हे काम वेगळं आहे, ते रीलने होत नाही आणि गप्प बसूनही होत नाही. म्हणून तरुण पोरांचं म्हणणंही मला अर्धंच पटतं. दिसत राहायला पाहिजे हे खरं, पण ड्रोनच्या व्हिडिओतून चाकणच्या परचेसवाल्याला काय कळणार आहे? त्याला हवी असते तारीख.

आता वाईट बातमीकडे येतो, कारण खरी परीक्षा तिथे असते. दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. १९८२ च्या सप्टेंबरअखेर शिकागो भागात टायलेनॉल या वेदनाशामक गोळ्या, म्हणजे कॅप्सूल, घेऊन ७ माणसं दगावली. कोणीतरी दुकानातल्या बाटल्यांमध्ये सायनाइड भरलं होतं. कारखान्याची चूक नव्हती. जॉन्सन अँड जॉन्सनने तरीही लोकांना सांगितलं की आमच्या या कॅप्सूल घेऊ नका, आणि देशभरातून ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, खर्च १० कोटी डॉलरच्या वर. काही आठवड्यांत छेडछाड केली तर लगेच दिसेल असं नवीन पॅकिंग आणलं. बाजारातला वाटा कोसळला होता, तो साधारण वर्षभरात बराचसा परत आला. आता आपल्याकडचं बघा. ऑक्टोबर २००३, तोंडावर दिवाळी, मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या आणि महाराष्ट्राच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. कंपनीचं पहिलं उत्तर काय होतं? की माल कारखान्यातून चांगलाच निघाला, दुकानदाराने नीट ठेवला नाही. एफडीएने उलट विचारलं की मग तुमच्या पॅकिंगचं काय? लोकांना तर दुकानदार, पॅकिंग, कारखाना यातला फरक कळतही नाही आणि कळायची गरजही नाही, पोराच्या हातात चॉकलेट दिलं त्यात अळी निघाली, विषय संपला. विक्री ३० टक्क्यांच्या आसपास पडल्याचं तेव्हा छापून आलं होतं.

दोन्हीकडे कंपनीचं वाक्य तांत्रिकदृष्ट्या सारखंच होतं, कारखान्यातून माल चांगला निघाला. एकीने त्या वाक्याच्या आड उभं राहायचं नाकारलं, दुसरीने तेच पहिलं वाक्य केलं. कॅडबरीला पुढे शहाणपण आलं हे पण सांगायला पाहिजे. त्यांनी 'प्रोजेक्ट विश्वास' नावाने दुकानदारांपर्यंत जाऊन माल कसा साठवायचा ते शिकवलं, २००४ च्या सुरुवातीला जास्त पक्कं, सील केलेलं नवीन पॅकिंग आणलं, अमिताभ बच्चन यांना घेऊन लोकांसमोर गेले आणि धंदा सावरला. पण क्रम बघा. आधी पॅकिंग बदललं, मग बच्चन आले. नुसते बच्चन आले असते तर काही उपयोग झाला नसता. आणि टायलेनॉलच्या गोष्टीला पण एक पुरवणी आहे, त्याच जॉन्सन अँड जॉन्सनवर पुढे टाल्कम पावडरवरून हजारो खटले झाले. म्हणजे एकदा नीट वागलो की कायमची पुण्याई जमा झाली असं होत नाही, दर वेळी नव्याने वागावं लागतं.

इथे सगळ्यात मजबूत आक्षेप येतो, आणि बैठकीत तो एका वकील गृहस्थांनी मांडला. ते म्हणाले, तुम्ही म्हणता लगेच सांगा, पण कबूल केलं की केस लागते. चूक झाली असं लिहून दिलंत तर उद्या तोच मेल कोर्टात तुमच्याविरुद्ध येणार, म्हणून चौकशी पूर्ण होईपर्यंत गप्प बसणं हेच शहाणपण. या मुद्द्यात तथ्य आहे, छोट्या माणसाला एक डेबिट नोट, म्हणजे गिऱ्हाइकाने बिलातून कापलेली नुकसानीची रक्कम, आयुष्यातून उठवू शकते. पण मग मॅगीचं काय झालं ते बघा. उत्तर प्रदेशात बाराबंकीला घेतलेल्या नमुन्यावरून प्रकरण सुरू झालं, २०१५ चा मे महिनाभर टीव्हीवर शिसं आणि एमएसजी, म्हणजे अजिनोमोटो, सोडून विषय नव्हता, आणि तेवढ्या काळात नेस्लेकडून येत होती ती मोजून मापून, वकिली भाषेतली निवेदनं. ५ जूनला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने सगळ्या प्रकारांवर बंदी घातली, त्याच दिवशी कंपनीचे जागतिक प्रमुख पॉल बुल्के दिल्लीत पत्रकारांसमोर आले. म्हणजे स्वित्झर्लंडहून मोठे साहेब आले ते सगळं हातातून गेल्यावर. मग १३ ऑगस्टला मुंबई हायकोर्टाने बंदी रद्द केली आणि नव्याने चाचण्या करायला सांगितल्या, चाचण्या पास झाल्या, नोव्हेंबरात मॅगी परत आली. वकिलांच्या हिशोबाने पूर्ण विजय. पण तोपर्यंत ३० हजार टनांहून जास्त मॅगी नष्ट झाली होती, सिमेंटच्या भट्ट्यांत जाळली होती, आणि जून तिमाहीत नेस्ले इंडियाला ६४ कोटींचा तोटा झाला होता. कोर्टात खरं ठरायला दोन महिने लागले, लोकांच्या स्वयंपाकघरात खोटं ठरायला दोन आठवडे पुरले. वकील कोर्टाचं बघतो, ते त्याचं कामच आहे, पण स्वयंपाकघराचं कोण बघणार?

त्यात पाकिटावरच्या 'नो ॲडेड एमएसजी' या शब्दांवर पण आक्षेप होता. आम्ही वेगळं घातलेलं नाही, हे म्हणणं शब्दशः खरं असेलही, पण दुकानात उभी राहिलेली आई ते 'यात एमएसजी नाही' असंच वाचते. शब्द निवडताना आपला वकील काय वाचेल यापेक्षा ती काय वाचेल याचा विचार कोणीतरी आधी करायला हवा होता. आणि लगेच सांगणं म्हणजे लगेच गुन्हा कबूल करणं नव्हे, हा घोळ आपण कायम करतो. 'तुमच्या ८ तारखेच्या बॅचमध्ये तक्रार आली आहे, तो माल वापरू नका, आमचा माणूस उद्या सकाळी येतोय' यात कुठे काय कबूल केलं? काय माहीत आहे, काय अजून तपासतोय आणि पुढचं कधी कळवू, एवढं सांगितलं. वकिलाला बाजूला ठेवायची गरज नाही, त्याच्याकडून हा मसुदा आधीच पास करून घ्या, म्हणजे रात्री अकराला त्याला उठवावं लागणार नाही.

गप्प बसण्याची किंमत मी स्वतः मोजलीय. आम्ही पुण्यात फ्लॅट बुक केला होता. ताबा लांबला. लांबला याचं एवढं दुःख नव्हतं, बांधकामात उशीर होतो हे मला परचेसमध्ये राहून न कळायला काय झालं. पण चौदा महिने बिल्डरच्या ऑफिसमधून एक ओळ आली नाही. आम्ही रविवारी साइटवर जायचो, बाहेरून मजले मोजायचो, आणि शेवटी वॉचमनने सांगितलं की साहेब सेंट्रिंगवाल्याचे पैसे थकले म्हणून तो दोन महिन्यांपूर्वीच माणसं घेऊन गेला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या खरेदीची माहिती मला वॉचमनकडून कळली. त्या रात्री ग्राहकांच्या ग्रुपवर जे सुरू झालं ते थांबलंच नाही, कोणी म्हणे बिल्डर पळाला, कोणी म्हणे जागेवर कर्ज आहे, त्यातलं निम्मं खोटं होतं हे नंतर कळलं, पण तोपर्यंत अकरा जणांनी बुकिंग रद्द केलं होतं. खरी माहिती न देणाऱ्याच्या जागी अफवा बसते, जागा रिकामी राहत नाही. आणि पुढे काय झालं? रेरा हा बिल्डरांसाठीचा कायदा आला, मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेराच्या वेबसाइटवर दर तीन महिन्यांनी प्रकल्पाची प्रगती टाकणं बंधनकारक झालं. जे दर महिन्याला चार ओळींच्या मेसेजवर भागलं असतं ते शेवटी संसदेला कायदा करून करायला लावावं लागलं. कुठल्याही व्यवसायाने स्वतःवर ही वेळ का आणावी?

याच्या उलट उदाहरण सांगतो. देवगडजवळचे एक बागायतदार आहेत, आम्ही गेली सात-आठ वर्षं त्यांच्याकडून पेटी घेतो. हापूसमध्ये साका निघतो हे सगळ्यांना माहीत आहे, वरून आंबा सोन्यासारखा आणि कापला की आत पांढरट, घट्ट, आंबूस भाग. बाहेरून तो बागायतदारालाही ओळखता येत नाही. बहुतेक विक्रेते हा शब्दच काढत नाहीत. यांच्या पेटीत गवताच्या वर हाताने लिहिलेली चिठ्ठी असते, 'साका निघाल्यास कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवावा, तेवढे नग पुढच्या पेटीत येतील.' बस. एका वर्षी थंडी लांबून मोहर उशिरा आला तर फेब्रुवारीतच त्यांचा आवाजी मेसेज आला, यंदा अक्षय्य तृतीयेला पेटी मिळेल असं धरू नका, ज्यांना त्या दिवशीच हवी त्यांनी दुसरीकडे बघा, राग नाही. आम्ही कोणी दुसरीकडे बघितलं नाही. या माणसाकडे एजन्सी नाही, वेबसाइट नाही, पण मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं कम्युनिकेशन धोरण त्या चिठ्ठीत आहे, कारण काय बिघडू शकतं, कोणाला कळवायचं आणि भरपाई काय, हे तिन्ही त्यात आधीच ठरलेलं आहे. पुण्यात दुकानांवर 'दुपारी १ ते ४ बंद' अशी पाटी असायची, त्यावर सगळा महाराष्ट्र हसत आला, मला मात्र ती पाटी नेहमीच आवडली. गिऱ्हाइकाला ऊन तुडवत येऊन बंद दार बघावं लागत नव्हतं.

वेळ नाही, माणूस नाही, हे छोट्या कारखान्याचं रडगाणं खोटं नाही. पण यासाठी विभाग उघडायचा नाहीये. एका कागदाचं काम आहे. भट्टी बंद पडली, माल रिजेक्ट झाला, अपघात झाला, मालक आजारी पडला, अशा चार-पाच गोष्टी लिहायच्या, प्रत्येकीपुढे कोणाला फोन, कोण करणार, किती तासांत. अपघाताच्या ओळीत गिऱ्हाइकाच्या आधी कामगाराच्या घरचा नंबर पाहिजे, त्याच्या बायकोला ही गोष्ट शेजाऱ्याकडून कळता कामा नये. मालक नसेल तर बोलायचा अधिकार कोणाला हे पण ठरवायचं, कारण बहुतेक ठिकाणी खरं अडतं ते तिथे. मालक गावाला, मॅनेजर म्हणतो साहेब आल्यावर बोला, आणि तोपर्यंत आपल्या टेम्पोवाल्याने तिकडच्या टेम्पोवाल्याला चहाच्या टपरीवर सगळं सांगून टाकलेलं असतं.

बैठक संपल्यावर बाहेर चहा घेताना एक तरुण फाउंड्रीवाला माझ्याशी वाद घालायला आला. म्हणाला, काका, हे सगळं मोठ्यांचं झालं, आमची भट्टीची कॉइल मंगळवारपासून गेलीय, आता मी काय स्ट्रॅटेजी करत बसू. मी विचारलं, गिऱ्हाईक कुठलं? चाकणचं. शेड्यूल कधीचं? सोमवारचं. कळवलंस? तर म्हणाला, नाही, कॉइल आज येईल असं वाटतंय, बघू, शनिवारपर्यंत झालं तर सांगायची गरजच पडणार नाही. त्या दिवशी गुरुवार होता. मी त्याला तिथेच फोन लावायला लावला. समोरून मिनिटभर जे बोलणं आलं ते मला चार फुटांवरून ऐकू येत होतं, पोराचा चेहरा पडला. मग पलीकडचा आवाज खाली आला आणि त्याने विचारलं, बरं, तयार स्टॉक किती आहे तुझ्याकडे, सोमवारी निदान दोनशे नग निघतील का?